बांधावरचा क्लब

माझ्या पाठवणीच्या दिवशी गडबला हायवेवर सासरच्यांची भाड्याची जीप उभी होती, सामान टपावर बांधून झालं होतं आणि माझ्या वडिलांचा, आबांचा पत्ता नव्हता. सासरे घड्याळ बघत होते. आय एकटीच डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "येतील, येतील." शेवटी शेताकडच्या वाटेवरून आबा धावत आले. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल, अंगातला सदराही भिजलेला. पहाटेच्या उधाणाला बांध फुटला होता आणि ते थेट तिथूनच आले होते. सासूबाईंनी साडीचा काठ आवरून घेतला, ते मी पाहिलं. आबा मला म्हणाले, "घरटी एक मानूस लागतो बाय, म्हनून उशीर झाला. तुज्या वाटचं पन उबा रायलो." मग जीप सुटली. तुमच्यापैकी जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे उठून निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

आमच्या खारेपाटात खाडीच्या पाण्याला शेताबाहेर ठेवणारा मातीचा बांध असतो. तो सगळ्यांचा. त्याला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की हाक जाते आणि प्रत्येक घरातून एक माणूस निघतो. रांग लागते, चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात जातात. तिथे कुणी मुकादम नसतो. ज्याला खांड आधी दिसली तो सांगतो, बाकीचे ऐकतात. शेजारच्या घराशी आबांचं हद्दीवरून वाकडं होतं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. पण बांधावर त्याच शेजाऱ्याच्या हातून आबा गोळा घ्यायचे. लहानपणी मी विचारलं, "त्याच्याकडून का घेता?" तर म्हणाले, "तो आज माती घेऊन आलाय ना गो, मंग त्याला रांगंत उबा नको करू?"

ह्यूस्टनला आलो ते माझ्या नवऱ्याच्या, सतीशच्या नोकरीमुळे. रोह्याजवळ धाटावला तो कंपनीत शिफ्टमध्ये होता, इकडेही रसायनांचीच कंपनी. म्हणजे त्याचं फारसं काही बदललं नाही, तोच वास घेऊन तो घरी यायचा. बदललं ते माझं. अपार्टमेंट, कार्पेट, मायक्रोवेव्ह, दिवसभर एसीची घरघर आणि बोलायला कुणी नाही. गावात घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या दुकानात फोन लावला की आबा तो हातात घेऊन नुसते ओरडायचे, "जेवलीस का?" आणि ठेवून द्यायचे.

मग परदेशातल्या मराठी माणसांची ती चर्चेची साइट सापडली. मोडेम किंचाळायचा, फोनची लाइन अडायची, आणि आपण रोमन लिपीत मराठी बडवत बसायचो. पाककृती, व्हिसा, राजकारण, सगळा गलका. एक दिवस साइटवाल्यांनी जाहीर केलं की आता सभासदांनी आपापले क्लब काढावेत, तेच चालवावेत, नावही त्यांनीच ठेवावं. क्लब काढणारा तो 'चालक'. त्याला कुणालाही आत घेता येईल, काढता येईल, लिहिलेलं पुसता येईल, दुसऱ्यालाही चालक करता येईल. मी त्याच दुपारी 'खारेपाट' नावाचा क्लब काढला.

आणि जो येईल त्याला मी चालक केलं. प्रत्येकाला. शहाण्या माणसाला हे वेडेपण वाटेल, पण मी ज्या गावातून आले तिथे बांधावर आलेल्याला फावडं द्यायचं असतं, त्याची लायकी विचारायची नसते. मला दुसरी रीतच माहीत नव्हती.

पेणचे, नागोठण्याचे, रोह्याचे लोक आले. दुबईतून, सिंगापूरहून आले. आणि एक दिवस धाटावहून मंगेश आला. मंगेश म्हणजे त्याच अबोल्यातल्या शेजाऱ्याचा मुलगा. कंपनीतली शिफ्ट संपली की तो स्कूटरवरून रोह्यात नव्या निघालेल्या सायबर कॅफेत जायचा. त्यानेच लिहिलं, "ताई, मी रविवारी गावाला जातो. आबांचा निरोप आनू का?" तेव्हापासून दर आठवड्याला क्लबवर 'आबांचा रविवार' येऊ लागला. आबा ओटीवर बसून सांगायचे, मंगेश कागदावर उतरवायचा, कॅफेत टाइप करायचा आणि कागद तिथेच फेकून यायचा. "बाय, तुज्या तिकडं निवट्या मिलतात का? नायतर मासली कंची खातंस?" "धरमतरच्या धक्क्याला मालाचा मोटा बारजा लागलाय, तुजी आय बगायला गेलेली." जो माणूस फोनवर चार शब्द बोलत नव्हता, तो पानभर बोलायला लागला होता. लोक त्याची वाट बघायचे. मला वाटायचं, क्लब आहे, म्हणजे तिथे राहीलच. मी एकही रविवार उतरवून ठेवला नाही.

भादव्यात आबा गेले. कळेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि माझे कागद व्हिसासाठी अडकलेले. मी जाऊ शकले नाही. मनाशी ठरवलं की रडून झालं की शांतपणे सगळे रविवार पहिल्यापासून वाचायचे.

क्लब उघडला तर नावच वेगळं. 'रायगड संस्कृती मंडळ'. खाली सूचना: "मंडळाची भाषा शुद्ध व नेटकी असावी. सभासदत्व परदेशस्थांपुरते मर्यादित राहील." सही प्रमोदरावांची. मूळचे रोह्याचे, आता कॅलिफोर्नियात. मीच ज्यांना चालक केलं, त्यांतले एक. मंगेशला काढून टाकलं होतं. माझंही चालकपण काढलं होतं. आणि 'आबांचा रविवार' नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, "ताई, तो मजकूर अशुद्ध होता, शिवाय फार घरगुती. आपण जरा पातळी राखू या."

पातळी! ज्या माणसानं जन्मभर खाडीची पातळी छातीनं अडवली, त्याचं बोलणं यांच्या पातळीत बसेना. मी साइटवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर गोड होतं. क्लब सभासदांनीच चालवायचे असल्याने आम्ही मध्ये पडत नाही, आणि पुसलेला मजकूर परत आणता येत नाही. त्या रात्री मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. सतीश म्हणाला, "अगं, कॉम्प्युटरवरचं होतं ते." त्याच्याशीही मी कितीतरी दिवस नीट बोलले नाही.

खांड फार खोल गेली की तिच्यावर माती टाकत नाहीत. मागे सरून नवा बांध घालतात, थोडी जमीन पाण्याला सोडून देतात. मी तसंच केलं. नवा क्लब काढला, सगळ्यांत आधी मंगेशला बोलावलं. हळूहळू सगळे आले. चालक मात्र आता आम्ही दोघंच. बांधाची रीत मी मोडली, आणि ती मोडायला लावली याचाही राग मला प्रमोदरावांवरच आहे.

बऱ्याच महिन्यांनी त्यांची विनंती आली. "मलाही घ्यावे. मंडळात आता कुणी लिहीत नाही. मीही रोह्याचाच आहे." मी तडक नकार देणार होते. मंगेशनं लिहिलं, "ताई, आलाय तर घेऊया." ज्याला हाकललं होतं तोच हे म्हणत होता. आणि आबा असते तर त्यांनी काय केलं असतं, ते मला नको असताना माहीत होतं. मी घेतलं, पण लिहिलं, "चालक करणार नाही. आणि आधी एक काम करा. आबांचं बोलणं अशुद्ध ठरवण्यासाठी तुम्ही ते नीट वाचलं असणार. आठवेल तेवढं इथे लिहा. शुद्ध करू नका."

आठवडाभर काही आलं नाही. मग एकच ओळ आली. आबांचा शेवटचा रविवार, जो मी धावपळीत नुसता वरवर पाहून बंद केला होता. प्रमोदरावांनी जसाच्या तसा लिहिला होता: "बाय, औंदा उदानाला खांड पडली. माज्यानं गोला उचलत नाय आता, पन जाऊन रांगंत उबा रायलो. तुज्या वाटचं पन."

खाली त्यांनी लिहिलं होतं, "एवढंच आठवतं. बाकीचं मी पुसलं."

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही. लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं, गडबचं की ह्यूस्टनचं? मी सांगते, जिथे माझ्या वाटचं कुणी रांगेत उभं राहिलं ते, आणि त्यांना ही ओळ दाखवते. आता ती मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावली आहे, आणि दर रविवारी क्लबवर मंगेश, मी आणि प्रमोदराव, तिघंही लिहितो. त्यांच्या हातून येतं ते मी घेते, पण त्यांच्याशी बोलत नाही.