पळता यावं म्हणून

भूकंपाला डांबरगोळीचा वास असतो, असं मी म्हटलं तर लोक हसतील; पण माझ्या आठवणीत तो त्याच वासाने येतो. गणपती बोळवले त्या पहाटे जमीन हलली, लातूरजवळच्या मुरुडच्या आमच्या घराच्या मातीच्या भिंतीला वरपासून उंबऱ्यापर्यंत तडा गेला, आणि दक्षिणेकडची गावंच्या गावं निजल्या जागी गाडली गेल्याच्या बातम्या ऊन चढत गेलं तशा येत राहिल्या. त्याच सकाळी माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी मामी म्हणते, नणंदेची पेटी उघडली, तळाचा, डांबरगोळ्यांत ठेवलेला फिकट जांभळा पंजाबी ड्रेस काढला आणि माझ्या हातात कोंबला.

“घाल हे. साडीत पाय अडकून पडलीस तर कोन उचलंल तुला?”

माझ्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. माहेर नांदेडचं; गोदावरीवरून येणारा वारा ओढणीत भरून घेत मी सायकलवर कॉलेजात जायची. लग्नानंतर साडी आली, डोक्यावरचा पदर आला, आणि त्या पदराच्या तालावर चालणं, वाकणं, हसणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण तो मुकाट गिळायची. आणि आता जमीन हलली म्हणून माझे पाय मला परत मिळाले होते. माणसं मातीखाली असताना आपल्याला अंगणातल्या ताडपत्रीखाली असं हलकं वाटावं, याची लाज वाटे, आणि तरीही हलकं वाटे. ड्रेस धुतला की मामी तो परसातल्या दोरीवर साडीखाली झाकून वाळत घालायला लावत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून.

महिन्या-दीड महिन्यात धक्के विरळ झाले, माणसं पुन्हा छपराखाली निजू लागली. कुणी काही म्हटलं नाही, पण एका सकाळी मी आपली साडी नेसून बाहेर आले आणि ड्रेस घडी करून पेटीत गेला.

ड्रेस पुन्हा अंगावर आला तो लेकीमुळे. दहावीनंतर ती लातूरला क्लासला लागली, आणि तिच्यासोबत मीही तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेले. त्या गल्लीत माझ्यासारख्या कितीतरी आया होत्या, भिंतींवर गुणवंतांचे फोटो होते, आणि कुकरच्या शिट्ट्यांवरून कुणाचा क्लास कधी सुटतो ते कळे. टँकर आला की घागर घेऊन तीन जिने चढायचे. पहिल्याच आठवड्यात मी दोन सुती ड्रेस आणि रात्रीसाठी एक फुलाफुलांचा गाऊन आणला. दाराआडच्या खिळ्याला मात्र एक साडी कायम टांगलेली असे. मुरुडहून कुणी निघालं की फोन येई, आणि एसटी लातूरला पोचेपर्यंत मी पुन्हा सूनबाई झालेली असे. लेक हसायची, “आई, इतक्या वेगात तर मी पेपरसुद्धा सोडवत नाही.”

एका रविवारी फोन आलाच नाही. मी दार उघडलं तर समोर मामी, एका हातात धपाट्यांचा डबा, दुसऱ्या हाताने वर धरलेलं लुगडं, आणि तीन जिन्यांनी लागलेली धाप. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“कामून गं, परत भूकंप झाला का?”

माझे कान तापले. सतरा-अठरा वर्षांचा राग एकदम जिभेवर आला. “न्हाई, मामी. पण पाणी रोज तीन मजले चढवावं लागतं.”

मामी आत आल्या. खाली बसून गुडघे चोळत राहिल्या. संपलं, मला वाटलं. आता हे घरी कळणार आणि खिळ्यावरची साडी रोजची होणार. चहा दिला, तेव्हा त्यांनी माझ्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं.

“सुती हाय व्हय,” त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात, “तवा तुला पळता यावं म्हणून ड्रेस दिला. नऊ वार गुंडाळून मी कशी पळाले असते, हे तूबी इचारलं न्हाईस.”

खरंच नव्हतं विचारलं. तो सगळा महिना त्या माझ्या शेजारीच निजत होत्या, आणि मी माझ्याच मोकळ्या पायांच्या आनंदात होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याविषयी माया दाटून आली. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा मी तो फुलाफुलांचा गाऊन घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवला. त्यांनी तो पाहिला, काढला मात्र नाही.

“राहू दे,” म्हणाल्या. “भूकंप-बिकंप झाला तर घरात असावा.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मायलेकी मुरुडला गेलो. सासरी जायचं म्हणून मी साडी नेसले होते, निऱ्यांना पिना लावल्या होत्या, एसटीतून उतरतानाच पदर डोक्यावर घेतला होता. फाटक उघडलं आणि पाऊल थबकलं. परसात नव्हे, पुढच्या अंगणातल्या दोरीवर, कार्तिकाच्या कोवळ्या उन्हात, वरून काहीही न झाकता तो गाऊन वाळत होता. आतून मामींचा आवाज आला, “कोन हाय?” आणि मी तिथेच उभी राहिले, डोक्यावरच्या पदराचं आता काय करावं ते न कळून.