डावीकडून तिसरी खोली

चहा पुढे केलात तेव्हाच ओळखलं, हा फुकटचा नाही. दर वेळी चारचौघांत मला तो खोलीचा घोळ सांगायला लावायचा आणि आपण हसायचं. बरं, ऐका. पण मध्ये कोणी तोंड घालायचं नाही.

कुडपणहून पहिल्यांदा मुंबईला निघालो तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. माझ्या चुलत्याने, दत्तूकाकाने, माझ्यासाठी गिरणीत शब्द टाकला होता. सोमवारी सकाळी गेटवर हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. काकाला मी धड पाहिलेलंच नव्हतं. वडिलांशी बिनसल्यापासून तो शिमग्यालासुद्धा गावी फिरकला नव्हता. निघताना आईने बजावलं, "फार विचारत बसू नको रे, अडाणी समजतील." हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

धरमतरहून लाँचमध्ये एक जण भेटला. वरंधचा दगडू. मुंबईत चार वर्षं काढलेली, त्यामुळे सगळं बंदर आपल्याच मालकीचं असल्यासारखा बोलायचा. त्याने मला माझगावला चाळीच्या जिन्याशी सोडलं. "दुसरा माळा, तिसरी खोली. ती तुमच्या गावाची," म्हणाला आणि गेला.

तेव्हा आमच्याकडच्या गावागावाची मुंबईत एकेक खोली असायची. वीस-पंचवीस माणसं, भिंतीला ट्रंका, निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. नवा माणूस आला की आधी ताट मांडायचं, चौकशी मग. मलाही मांडलं. सुकटीचं कालवण आणि भात. काकाकडे आलोय म्हटलं, तर कोणीतरी म्हणालं, येईल पाळीवरून. दिवसपाळीवाले समजले, हा रातपाळीवाल्यांचा पाहुणा. रातपाळीवाले समजले, दिवसपाळीवाल्यांचा. आणि मी समजलो, यातलाच कोणीतरी काका. आपणहून बोलेल की!

सोमवार आला आणि गेला. कोणी बोललं नाही. जागा गेली हे कळत होतं, पण विचारायला जीभ रेटेना. मग नुसतं बसून काय करणार? मी खोलीचा कारभार हातात घेतला. नळावर कोणी आधी जायचं ते ठरवू लागलो. स्वयंपाक बघणाऱ्या काशीरामबुवांना भात कच्चा राहिला म्हणून दोनदा सुनावलं.

सहाव्या दिवशी झाडू मारत होतो, तर दारात एक माणूस. डोळे लाल, केसांत कापूस. आत डोकावू लागला. मी झाडू आडवा धरला.

"कोण पायजे? ही कुडपणची खोली हाय. भलत्याला आत घेत नाय आम्ही."

तो हळूच म्हणाला, "मग बारा वर्षं मी ऱ्हातोय ती कुठली रे?"

मागे काशीरामबुवांनी पळी खाली ठेवली. "पोरा, आम्ही तुडील गावचे."

दारातला माणूस दत्तूकाका. रातपाळी करून, झोप मोडून तो रोज लाँच लागते त्या भाऊच्या धक्क्यावर माझी वाट बघत उभा राहत होता. पोर हरवलं तर भावाला काय तोंड दाखवू, म्हणून. शेवटी एकेक दार विचारत निघाला होता. आणि कुडपणची खोली? त्याच माळ्यावर. उजवीकडून तिसरी. मी डावीकडून मोजली होती. मध्ये चार दारं.

वाटलं, आता मुस्काटात बसणार. काकाने माझ्या हातातला झाडू काढून घेतला, भिंतीला टेकवला, आणि तुडीलवाल्यांच्या ट्रंकेवर बसून पोरासारखा रडला.

गिरणीतली जागा गेली ती गेलीच. काशीरामबुवा म्हणाले, "सहा दिवस आमचंच जेवलास, आमच्यावरच डाफरलास. आता सोडतो व्हय तुला? उद्या गोदीत चल." त्या गोदीत तीस वर्षं काढली. आता ना बुवा, ना ती खोली. पण सुकटीचा वास आला की पाय अजून डावीकडेच वळतात.

चूक माझी, कबूल. सहा दिवसांत एकदा तोंड उघडायला हवं होतं. पण कुठून मोजायचं हे सांगायला त्या वरंधच्या दगडूची काय जीभ झिजत होती? वर अजून बाजारात दिसलो की लांबून हाक मारतो, "काय तुडीलकर, बरं हाय ना?" माफीचं मात्र नाव नाही.