सहाव्याच्या पोटात सातवे

ज्या कार्यालयात बाईंनी टंकलेखिका म्हणून आपली सारी नोकरी काढली, तेथे त्यांना पाठीमागे ‘ताजा कलम’ म्हणत. कुणाच्या टेबलापाशी काही विचारायला गेल्या, उत्तर घेऊन उठल्या, दारापर्यंत पोचल्या आणि समोरच्याने सुटकेचा श्वास टाकला, की त्या नेमक्या उंबऱ्यात वळत. “आणि हे परिशिष्ट कुणी जोडलं?” पत्र संपल्यावर खाली ता. क. यावा, तसा तो प्रश्न येई. हे नाव बाईंच्या कानांवर गेले होते. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही; ते प्रथम कुणी ठेवले, एवढे मात्र त्यांनी शोधून काढले.

त्यांचा संशय हा जन्मजात नव्हता. तो त्यांना कामाने शिकवला होता. कार्यालयाची एक नियमावली होती आणि ती वारंवार फेरटंकित होई. जुने नियम जात, नवे येत. पण गेलेल्या नियमाचा क्रमांक दुसऱ्या नियमाला देण्याची रीत नव्हती. क्रमांक जागच्या जागी राही आणि त्याच्यापुढे कंसात ‘रद्द’ असे लिहीत. बाईंना ही केवळ लेखनाची पद्धत वाटत नसे. एखादी गोष्ट उठवावी, पण ती होती हे मिटवू नये, एवढी सभ्यता संस्थेने पाळलीच पाहिजे, असे त्या घरीदारी सांगत. घरी तर इतक्यांदा सांगत की ‘रद्द’ म्हटले की भावजय उठून गॅस बारीक करायला जाई. एकदा एका नियमावलीत बावीसनंतर एकदम चोवीस आले होते, आणि त्या फटीतून बाईंनी चोरून गाळलेला नियम ओढून बाहेर काढला होता. तेव्हापासून फट दिसली की त्यांना धीर येई, आणि फट नसली की भीती वाटे.

त्यांचे यंत्रही त्यांच्यासारखेच हेकट होते. त्याचा गाडा डाव्या समासावर यायचा तो एक घर अलीकडेच अडायचा. म्हणून प्रत्येक ओळीच्या तोंडाशी बाई मागे नेणारी कळ करंगळीने एकदा हलकेच दाबत, गाडा टेकला असे कानाने ऐकत, आणि मगच पुढे जात. यंत्र भंगारात गेले, बाई निवृत्त झाल्या, करंगळी मात्र सेवेत राहिली.

बाईंनी लग्न केले नव्हते. थोरल्या भावाच्या घरात, माडीवरच्या खोलीत त्या राहत. भावाची रोपवाटिका घराला लागूनच होती आणि कलमे बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वडिलांच्या मागे घर दोघांचे झाले होते, पण ते कुणी कुठे लिहिले नव्हते. यंदा भावाने ठरवले की आता लिहून टाकायचे.

“घाई कसली?” वहिनी म्हणाल्या.

“सगळे एकमेकांशी बोलताहेत, तोवर उरकलेलं बरं,” दादा म्हणाला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघे बसले: दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि बाई. तेरा कलमे ठरली. सहावे वहिनींचे होते: तळमजला, स्वयंपाकघर व पाण्याची टाकी यांची व्यवस्था त्यांच्याकडे राहील आणि त्यांचा वापर इतरांनी त्यांच्या संमतीने करावा. सातवे बाईंचे: माडीवरची खोली, तिचा जिना व स्वतंत्र दार यांसह, त्यांच्या हयातभर त्यांच्याकडे राहील. आयुष्यभर दुसऱ्यांची कलमे टंकित केलेल्या बाईला पहिल्यांदाच एक कलम स्वतःचे मिळत होते. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, आणि याचाही त्यांनी सकाळी थोडा संशय घेतला.

भाच्याने मसुदा संगणकावर उतरवला आणि आत्याला तपासायला बसवले. बाई ताठ बसल्या. हस्तलिखित त्यांनी डावीकडे उभे केले आणि जुन्या शिस्तीप्रमाणे नजर त्याच्यावरच रोखली. आपण काय उमटवतो आहोत हे बघत बसणारा टंकलेखक कच्चा, असे त्या मानत. सातव्या कलमात भाच्याने ‘राहू शकेल’ असे घातले होते. बाईंच्या कपाळाला आठी पडली. ‘शकेल’ हा शब्द कुणाच्या तरी मर्जीवर जगतो. त्यांनी त्याजागी ‘राहील’ केले, कलम आरंभापासून पुन्हा एकदा जुळवून पाहिले, आणि समाधानाने जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाच्याने छापील प्रती आणल्या. बाईंनी मजकूर वाचण्याआधी आकडे वाचले. एक, दोन, तीन करीत बारावर येऊन त्या थांबल्या. पान उलटले. मागची बाजू कोरी होती. पुन्हा एकपासून आल्या. कुठे फट नव्हती, कुठे खाडाखोड नव्हती. बाराच्या बारा कलमे शाळेच्या रांगेसारखी एकापुढे एक उभी होती. मग त्यांनी मजकूर वाचला. त्यांची खोली होती. ती सहाव्या कलमात होती. स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी यांच्याखाली, आकड्याशिवाय, पोटपरिच्छेद म्हणून.

“माझं कलम कुठं आहे?” त्यांनी भाच्याला विचारले.

“आहे की आत्या. हे काय, खोली, जिना, दार.”

“ते सहाव्यात आहे. सातवं कुठं गेलं?”

भाच्याने कागद पाहिला. “अरे. आकडा उडालेला दिसतो. आणि पुढचे वर सरकले.”

“कुणी सरकवले?”

“कुणी नाही. आकडे तो आपोआप देतो.”

“तो कोण?”

“कॉम्प्युटर, आत्या.”

“आपोआप,” बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या कार्यालयात फायली आपोआप गहाळ होत, पाने आपोआप सुटी होत आणि बदल्या आपोआप ठरत. कर्ता लपवायचा असला की माणसे हा शब्द वापरतात. “आणि आपोआप तो नेमका माझ्याच आकड्यावर घसरला.”

“मी नीट करतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

“करशील. पण केलं कुणी, ते आधी सांग.”

ते त्याला सांगता येईना, कारण त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक नसलेल्या माणसाचा चेहरा आणि लपवणाऱ्या माणसाचा चेहरा यांत फार थोडा फरक असतो; आणि ज्याने जन्मभर दुसराच चेहरा शोधला, त्याला पहिला दिसतच नाही. बाईंनी हिशेब मांडला. आपले कलम कुणाच्या कलमात गेले? सहाव्यात. सहावे कुणाचे? आता वहिनींच्या संमतीशिवाय आपल्याला आपला जिना चढता येणार नाही. आपण माडीवर गेल्यानंतर संगणक कुठे होता? स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

वहिनी भांडी पुसत होत्या. बाईंनी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“सहाव्यात मला ओढून घेतलंत.”

“मी कशाला ओढू, वन्सं? माझं सहावं मलाच जड झालंय.”

“टेबलावर रात्रभर कोण होतं?”

“झुरळं असतील.”

“थट्टा नको, वहिनी. मी खोली मागून घेतली ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून डाचत होतं. सरळ तोंडावर बोलला असतात तर मान दिला असता. हे असं मागच्या दारानं, गुपचूप, घरातल्या माणसानं करणं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे. चोरी.”

वहिनींच्या हातातले पातेले पुसून झाले होते, तरी त्या ते पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “झालं बोलून?”

“झालं.”

“मग कागद उचला. ओटा ओला आहे.”

या शांतपणाचाही बाईंनी वेगळा अर्थ लावला. निर्दोष माणूस चिडला असता, असे त्यांना वाटले. आणि वहिनी चिडल्या असत्या, तर अंगाला लागले म्हणून चिडल्या, असे वाटले असते.

त्या भावाकडे गेल्या. तो वाफ्याजवळ स्टुलावर बसून गुलाबाचे कलम बांधत होता: फांदी तिरकी कापलेली, खोडाला चीर दिलेली, वर पट्टी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पट्टी दातांत धरूनच म्हणाला, “कलम दुसऱ्याच्या खोडावर गेलं, तरी फूल स्वतःचंच देतं.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“मला गुलाबाचं माहीत आहे,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू बाईंनी पुरावा म्हणून जमा केले.

वकिलांकडे सह्यांचा दिवस ठरला होता. बाईंनी सही करणार नाही असे सांगून टाकले. घरात बोलणे कामापुरते उरले. आता त्यांना सगळीकडे संगनमत दिसू लागले. जिन्यावरचा दिवा काढून नेलेला होता. म्हणजे जिन्यावरचा हक्क संपल्याची ही सुरुवात. दाराच्या कडीला कुणी तेल घातले होते; म्हणजे ती आवाज न होता उघडावी, अशी कुणाची तरी इच्छा होती. संशयाचे असे असते की त्याला भूक लागली तर तो समोर येईल ते खातो, आणि समोर नेहमी घरातलीच माणसे असतात.

शेवटी भाचा माडीवर आला आणि त्याने संगणक बाईंच्या टेबलावर ठेवला.

“आत्या, तूच टाइप कर. पहिल्यापासून. मी हात लावणार नाही, बाबा लावणार नाहीत, आई तर त्याच्याकडे बघतही नाही. झालं की हाक मार.”

“आणि तो आकडे देतो ते?”

“देऊ दे. तू लक्ष ठेव.”

लक्ष ठेवायचे हे बाईंना सांगावे लागले नाही. दुपार होती. वहिनी वाळलेले कपडे घेऊन वर आल्या, कारण घड्या घालायला माडीवरची खाट मोठी होती आणि भांडणासाठी ती सोडण्याइतक्या त्या उधळ्या नव्हत्या. एकीची पाठ दुसरीकडे, अशा दोघी कामाला लागल्या.

बाईंनी आज आयुष्यभराची शिस्त मोडली. हस्तलिखितावर नजर न ठेवता त्या पडद्याकडे पाहून टंकित करू लागल्या. तो कुठे घसरतो ते त्यांना रंगेहाथ पकडायचे होते. कलम संपले, एंटर दाबले, की पुढचा आकडा मुकाट्याने येऊन उभा राही. तेराही कलमे उतरली. आकडे बरोबर होते. आता तपासणी. स्वतःच्या कलमापासून सुरुवात करावी म्हणून त्या सातव्याच्या आरंभाशी गेल्या, वाचायला सज्ज झाल्या, आणि पडद्यावरचा ७ नाहीसा झाला. खालचा ८ लगेच ७ झाला, ९ चा ८ झाला, आणि शेवटच्या तेरापर्यंत सगळे एकेक पाऊल वर चढून असे स्थिर झाले की जणू तेथे कधी काही नव्हतेच. खोली, जिना आणि दार सहाव्याच्या पोटात गेले होते.

बाईंनी पाहिले, तेव्हा त्यांची करंगळी अजून मागे नेणाऱ्या, आणि येथे मागचे पुसून टाकणाऱ्या, कळीवर होती. यंत्राचा गाडा नीट टेकला की नाही, हे ती ऐकत होती.

पाठीमागे चादर झटकल्याचा आवाज आला. वहिनींनी काही पाहिले नव्हते. आकडा परत आणता आला असता. मसुदा बिनचूक झाला असता, सह्या झाल्या असत्या, आणि आकडा कुणी काढला हा प्रश्न ‘आपोआप’ या शब्दाखाली कायमचा झाकला गेला असता. त्या शब्दाची सोय किती मोठी असते, हे बाईंना प्रथमच आतल्या बाजूने कळले.

“वहिनी.”

“हं.”

“तो आकडा मी घालवला.”

“कुठला?”

“सातवा. माझाच. करंगळीनं.”

वहिनी चादर तशीच टाकून आल्या. त्यांनी चष्मा लावला. “परत करून दाखवा.”

बाईंनी आकडा आणला, कलमाच्या तोंडाशी गेल्या आणि कळ दाबली. सात गेला. आठ त्याच्या जागी येऊन बसला. वहिनींनी दोन्ही गोष्टी नीट पाहून घेतल्या.

“म्हणजे चोर घरातलाच होता,” त्या म्हणाल्या.

बाईंनी मान खाली घातली. “मी तुम्हाला जे बोलले ते मागे घेते.”

“मागे घेऊ नका.” वहिनी पुन्हा खाटेकडे वळल्या. “मागे घेतलं की खालचे वर सरकतात. उद्या तुम्हीच म्हणाल, असं काही बोललेच नव्हते. तुमच्या ऑफिसात करायचे तसं करा. आकडा राहू द्या. पुढं कंसात ‘रद्द’ लिहा.”

बाईंनी आपोआप येणारे आकडे बंद करण्याची खूण शोधून काढली आणि एकपासून तेरापर्यंत सगळे आकडे एकेक करून हाताने घातले. सातव्यापाशी त्यांनी करंगळी मुठीत घट्ट धरून ठेवली.

काम झाल्यावर त्या भाच्याला हाक मारायला निघाल्या. दारापर्यंत पोचल्या. वहिनींनी घडीवरून हात फिरवला आणि न बघताच थांबून राहिल्या, कारण हा उंबरा त्यांना पाठ होता.

“आणि जिन्यावरचा दिवा कुणी काढला?”

“मी. गेला होता. त्या मापाचा मिळत नाहीये.”

“कुठल्या दुकानात विचारलंत?”

वहिनींनी दुकान सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले, आणि तेथे जाऊन खात्री करण्याचा विचार मनात येतो आहे असे दिसताच तो तेथेच सोडून, बिनखिडकीच्या जिन्याचा कठडा धरून त्या अंधारात खाली उतरू लागल्या.