आठ मिलिमीटरचा सौदा

माझ्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात एक मोटरसायकल वर्षाहून जास्त काळ ताडपत्रीखाली उभी होती. पुढचं फुटलेलं प्लास्टिकचं कवच, वाकलेलं हँडल, घासून पांढरी पडलेली टाकी. शॉकअप मात्र सरळ राहिले होते. तिला मी कुणाला हात लावू देत नव्हतो. लोकांना वाटायचं, मेव्हण्याची गाडी आहे, जीव असेल तिच्यावर. तसं काही नव्हतं. ती गाडी माझी साक्षीदार होती.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. द्रोणागिरीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि उरलेला वेळ कोपरखैरण्याच्या माझ्या गाळ्यात काढायचा. मी इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढत होतो. हा गाळा स्वतःच्या जिवावर उभा केला. भाव केल्याशिवाय मी आजवर साधा नट घेतलेला नाही. समोरचा बारा म्हणाला की मी चार म्हणतो, आणि आठवर दोघे थांबतो. त्याच्यावरच माझं घर चाललं. माणूस कुठे थांबणार हे मला त्याच्या तोंडावरून कळतं.

मेव्हण्याला ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड होतं, आणि त्याच्या गाडीची बैठक मी लावायचो. पुढचे दोन शॉकअप वर क्लॅम्पमध्ये आवळलेले असतात. क्लॅम्प ढिले करून ते जरा वर सरकवले की गाडीचं तोंड खाली येतं, शॉकअपचा तिरकेपणा कमी होतो आणि गाडी वळणात चटकन शिरते. पण फुकट काही मिळत नाही. शॉकअप जितके उभे, तितकी गाडी सरळ रस्त्यावर बिचकणारी. वेगात एखादा उंचवटा लागला की हँडल फडफडायला लागतं आणि मग ते माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून हे काम थोडं थोडं करायचं. जरा सरकवायचं, फेरी मारायला लावायचं, मग पुढचं बघायचं.

गाडी मोडली त्या वेळी आम्ही ती टेम्पोत घालून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो होतो. त्याचे चार मित्रही होते. लांब उजव्या वळणावर त्याची गाडी सारखी बाहेर जात होती. ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, पिटमध्ये, आला तो हेल्मेट काढायच्या आधीच ओरडला,

"दाजी, तोंड आत येईना! म्हशीवानी चालतीय."

"म्हैस मालकावर जाते," मी म्हणालो.

"बारा मिलिमीटर वर घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का? चार."

"चार? भाजी घ्यायला आलात का?"

"चार. फेरी मार, मग बघू."

"फेऱ्या संपत आल्यात, दाजी. ते बघा, ते पोरगं मला मागून येऊन कापून गेलं. दहा तरी करा."

"सहा."

"आठ. परत मागणार नाही, आईशप्पथ."

मित्र हसत होते. एक जण म्हणाला, "दाजी सासरच्या माणसालाही सोडत नाहीत राव."

"आठ," मी म्हणालो आणि पाना उचलला.

पहिल्या फेरीत त्याने ते वळण असं घेतलं की मित्रांनी शिट्ट्या मारल्या. पिटच्या भिंतीजवळून जाताना त्याने मला अंगठा दाखवला. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथे डांबर जरा फुगलेलं आहे, तिथे हँडल फडफडलं. मला ते दिसलं. पुढचं चाक डावी-उजवीकडे आपटत होतं आणि तो त्याला धरून होता. मग गाडी एकीकडे गेली आणि तो दुसरीकडे. त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. उजवं पाऊल मात्र भलतीकडेच बघत होतं.

घोट्यात सळ्या घातल्या, पण घोटा काही वळेना. गोदामाने फोर्कलिफ्ट काढून घेतली आणि त्याला गेटवर खुर्ची दिली. इकडे आणल्यावर दवाखान्यात, त्याच्या खाटेपाशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, सासूबाई म्हणाल्या,

"जावयाच्या पान्यानं माझं लेकरू मोडलं."

मी म्हणालो, त्याने बारा मागितले होते, मी चारवर होतो. त्याच्या मामाने विचारलं, "पाना कुणाच्या हातात होता?" आणि हा, ज्याच्यासाठी मी आठवर आलो, तो खाटेवर पडून छताकडे बघत राहिला. बायको त्याची चादर नीट करत बसली. सासूबाईंनी माझ्या घरचा उंबरा सोडला. चौदा एप्रिलला, जयंतीला, सगळं घर त्यांच्याकडे जेवायचं. त्या वर्षी निरोप एकट्या बायकोला आला. मी दार आपटून गाळ्यावर गेलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडत बसलो.

म्हणून ती गाडी मी तशीच ठेवली. शॉकअपची टोकं क्लॅम्पच्या वर आठ मिलिमीटर निघालेली. माझंच चाललं असतं तर तिथे चार दिसले असते. त्याचं चाललं असतं तर बारा. मधला आकडा दोघांचा असतो, एवढं तर कुणालाही कळायला हवं. ज्याला ज्याला दाखवलं त्याने मान हलवली आणि स्वतःच्या गाडीचं काय झालं ते विचारलं.

मग एका दुपारी मेव्हणा काठी टेकत गाळ्यावर आला. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच.

"दाजी, ऐरोलीचा एक जण गाडी घेतोय. मोडतोड तो बघून घेणार. पण शॉकअप पहिल्यासारखे करून द्या. नवखा आहे."

मी याच दिवसाची वाट बघत होतो.

"करतो. आधी आईसमोर चल. बारा कुणी मागितले ते तुझ्या तोंडाने सांग, मग गाडी ने."

तो जुन्या टायरांच्या थप्पीवर बसला. पाय सरळ लांब केला.

"आईला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. बारा, चार, आठ. पहिल्याच रात्री सांगितलं मी."

"मग?"

"ती म्हणली, लेकराच्या जिवाचा भाव करत बसतं का कुणी? नाही म्हणायचं व्हतं त्यानं."

माझ्या हातातला पाना मी भिंतीवर फेकला. "नाही म्हणालो असतो तर तू दुसऱ्याकडून बारा करून घेतले असतेस!"

"घेतले असते," तो म्हणाला. "मग आई त्या दुसऱ्याला शिव्या देत बसली असती. तुम्ही जयंतीला आमच्यात जेवला असता."

मी भिंतीपाशी पडलेला पाना उचलला, ताडपत्री ओढून काढली, गाडी जॅकवर घेतली आणि क्लॅम्प ढिले केले. वर्षभरात धूळ आणि गंज बसला होता. शॉकअप हलायला तयार नव्हते. दोन्ही हातांनी पिळून ते खाली घेतले. टोकं क्लॅम्पच्या बरोबरीला येत चालली तसा तो काठीवर रेलून पुढे झाला.

"दोन ठेवा, दाजी. वळायला बरी पडंल त्याला."

"नाही."

"एक तरी."

"नाही."

मी बोल्ट आवळले. त्याने सीटवर हाताचा भार देऊन गाडी दाबून बघितली, पूर्वी बघायचा तशीच, आणि काठी टेकत गेला. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. तो कोपरा आता रिकामा आहे. दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

सासूबाई अजून आमच्याकडे येत नाहीत. आणि मी चारच म्हणालो होतो.