मे महिन्याचा पगार

बिबवेवाडीतल्या त्या शाळेत शिशुवर्गाच्या मुलांना शू करायला नेणाऱ्या, सांडलेले डबे पुसणाऱ्या आणि आई गेली म्हणून भोकाड पसरणाऱ्या पोरांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या बायका चौदा. पालक त्यांना मावशी म्हणत. शाळाही मावशीच म्हणे, आणि त्यात शाळेची सोय होती. पगाराचं बोलायची वेळ आली की नातं आडवं येई. या चौदाजणींत धीट एकच, तनुजा. माहेर वारज्याचं, नवरा टेम्पो चालवणारा, एक मुलगी अकरावीला. आवाज खणखणीत. तोच आवाज पुढे तिला नडला.

शाळा चालू तर पगार, शाळा बंद तर ठणठणाट, असा तिथला रिवाज. महिना बारा हजार. आख्खा मे, अर्धा जून आणि दिवाळीचे पंधरा दिवस मिळून वर्षातले दोन महिने हात हलवत बसायचं. लोकांना वाटे, काय मजा आहे, शाळेतली नोकरी, सुट्ट्याच सुट्ट्या! सुट्टी शिकवणाऱ्या बाईंना होती, त्यांना पगार चालू असे. मावश्यांना नुसतं घरी बसणं होतं, आणि घरमालक काही मेमध्ये भाडं माफ करत नाही.

तनुजा बसणारी नव्हती. शाळा बंद झाली की दुसऱ्या दिवशी ती मार्केट यार्डात बद्रीनाथशेठच्या गाळ्यावर हजर. आंब्याचा मोसम. डागी फळ बाजूला काढायचं, तयार आणि कच्चं वेगळं करायचं, पेटीत गवत पसरून आंबे मांडायचे. चिकाने हात भाजत, पाठ मोडे, पण शाळेच्या महिन्यापेक्षा दोन-तीन हजार जास्तच सुटत. ही जागा तिने बरीच वर्षं टिकवली होती. यार्डात जागा टिकवणं सोपं नाही. एक दिवस दांडी मारली की तिथे दुसरी बाई बसलेली. तिच्या शब्दावर शाळेतल्या आणखी सहाजणी तिथे लागल्या होत्या. त्यांतली थोरली मुक्ताबाई. साठीला टेकलेली, तनुजाला लेकीसारखी वागवणारी, आणि लेकीसारखीच झापणारी.

विषय काढला तो मुक्ताबाईनेच. "तने, गुडघं गेलं माझं. फरशीवर बसून पेट्या भरायचं आता न्हाई जमायचं. शाळंकडं मेचा पगार मागू. आपन काय दोन महिनं खात न्हाई का?"

सगळ्यांचं ठरलं. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाला एकीनेही जायचं नाही. शेपट्या लावलेली, मिशा रंगवलेली दोनशे पोरं स्टेजच्या मागे उभी आणि सांभाळायला एकही मावशी नाही, मग बघू किती रंगतो कार्यक्रम. हा निरोप घेऊन तनुजाला पाठवलं संस्थेच्या सचिवांकडे.

सचिव म्हणजे विश्वजीतदादा. आजोबांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि नातवाच्या हातात शाळा आली. त्यांनी तनुजाला बसायला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत त्या खोलीत ती खुर्च्या पुसायला जात होती, बसायला पहिल्यांदा. चहा आला, कपबशीतून.

"तनुजाताई, माझ्या मनातलं बोललात तुम्ही," दादा म्हणाले. "एप्रिलपासून तुम्हा सगळ्यांना बाराही महिने पगार. मेमध्येसुद्धा. माझा शब्द."

शब्द दिला, आकडा दिला नाही. आणि तनुजाने विचारला नाही. माणूस एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढला की त्याला खाली बघायचं सुचत नाही. ती धावत आली आणि सगळ्यांना सांगून मोकळी झाली. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

मुक्ताबाईने तेवढं विचारलं, "किती देणार, ते इचारलंस का?"

"अहो, बाराच्या बारा महिने देतो म्हणाले. आता अजून काय विचारू? त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवू?"

मग जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. मावश्यांनी वर्गणी काढली, दोनदोनशे रुपये. शाल आणली, श्रीफळ आणलं, पुणेरी पगडी आणली, आणि स्नेहसंमेलनात हजारभर पालकांसमोर विश्वजीतदादांचा सत्कार केला. ज्याच्याकडे मागायला गेलो त्यालाच आधी पगडी! माइक तनुजाच्या हातात. "दादांनी आम्हाला माणूस समजलं," असं ती म्हणाली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला.

मार्चमध्ये ती बद्रीनाथशेठला सांगून आली, यंदा आम्ही सातजणी येणार नाही. शेठ म्हणाला, "बघ हां, जागा धरून ठेवणार नाही मी." "नका धरू शेठ," तनुजा म्हणाली. हे म्हणताना तिला जरा ताठ उभं राहावंसं वाटलं होतं, ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

एप्रिलचा पगार मेच्या सुरुवातीला बँकेत आला. मेसेज बघितला तर दहा हजार. तिला वाटलं, काहीतरी कापलं असेल, नाहीतर चुकलं असेल. ती ऑफिसात गेली.

पगाराचं काम पद्मजाबाई बघत. सदाशिव पेठेतल्या, मनाने सरळ, जिभेला मात्र धार. त्यांनी चष्मा वर केला.

"चुकलेलं नाही काही. पूर्णवेळाचा पगार बारा हजार. तुमचं काम वर्षाला दहा महिने, म्हणजे झाले एक लाख वीस हजार. ते बारा महिन्यांत वाटले. महिन्याला किती?"

"दहा."

"मग? आला ना हिशेब?"

तनुजाने बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. "म्हणजे वर्षाचं मिळून पहिल्याइतकंच?"

"रुपया कमी नाही, रुपया जास्त नाही. आभार तेवढे फुकट मिळाले संस्थेला."

"पण बाई, मी सकाळी साडेसातला येते, चारला जाते. मी पूर्णवेळ नाही?"

"दिवसाची आहात. वर्षाची नाही. वर्षाचा वेळ संस्था मोजते." पद्मजाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि सोमवारपासून यायचंय सगळ्यांनी. बाकं रंगवायची आहेत, वाचनालय झाडायचंय. मेचा पगार चालू झालाय ना तुमचा."

"अहो, पण दहा महिन्यांच्या कामाचे पैसे बारा महिन्यांत वाटले म्हणताय, मग मेचं काम कुठल्या पैशात?"

"मी हेच विचारलं होतं. मला सांगितलं, तुम्ही तुमच्या बेरजा करा." त्यांनी चष्मा खाली घेतला. त्यांना लाज वाटत होती, पण त्या लाजेने कुणाच्या घरचं भाडं भरलं जाणार नव्हतं.

तनुजा तशीच वर गेली. या वेळी खुर्ची नव्हती, चहाही नव्हता. विश्वजीतदादांनी फोनमधून मान वर केली. "ताई, तुम्हीच माइकवर आभार मानलेत. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे. आता तुम्हीच तक्रार करणार? लोक काय म्हणतील तुम्हाला?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात. मेची हजेरी तुम्ही घ्या. जी येणार नाही तिचा रोज कापायचा. तुम्हाला पाचशे रुपये वर देऊ."

तिच्या मनात आलं, ती हजेरी त्यांच्या तोंडावर फेकावी. पण ती नाही म्हणाली असती तर दुसरी कुणी घेतली असती, आणि तिने खरोखरच रोज कापले असते. आपल्या हातात असली तर काहीतरी करता येईल, या हिशेबाने ती हो म्हणाली. पाचशे रुपये नको म्हणाली. नको म्हटल्याचं दादांना काही वाटलं नाही.

घरी येऊन ती रडली नाही. तिला संताप येत होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. दादांनी तोंडाला पानं पुसली हे खरं, पण ती पानं तिने स्वतः ताटात घालून तेराजणींना वाढली होती. वर वर्गणीही काढायला लावली होती.

सोमवारी सगळ्या आल्या. तोवर त्यांना कळलं होतं. मैदानात उन्हाचा चटका बसत होता आणि बायका भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या. कुणी तिच्याशी बोललं नाही. तनुजा मुक्ताबाईजवळ गेली आणि घाईघाईने सांगू लागली. "मुक्ताबाई, हजेरी माझ्याकडे आहे. मी सगळ्यांची रोज लावते. तुम्ही निम्म्या निम्म्या जणी आळीपाळीने यार्डात जा. आंब्याला नाही तर कांद्याला, कुठे ना कुठे काम मिळेल. गुडघे दुखतात ना तुमचे, तुम्ही तर येऊच नका, घरी पडून राहा. कुणी विचारलं तर मी बघते काय ते."

मुक्ताबाईने तिचं सगळं ऐकून घेतलं. कपाळावरचा घाम पदराने पुसला. मग हात जोडले, अगदी पाहुण्याला जोडावेत तसे.

"नगं मॅडम. आमची हजेरी हाय तशीच मांडा. तुमी आमच्यासाठी एकदा केलं, तेवढं बास झालं."

आणि ती गुडघ्यावर हात टेकत, खराटा घेऊन वर्गाकडे चालू लागली. बाकीच्या तिच्यामागे गेल्या. तनुजा सावलीत एकटी राहिली. म्हातारीने चार शिव्या हासडल्या असत्या, तने म्हणून थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.