उकिरड्यातले चौदा उन्हाळे

उकंडरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीएवढ्या खड्ड्यात उभे होते. चौसष्ट सालचा चैत्र, ऊन मी म्हणत होतं, आणि संग्रामपूर तालुक्यातल्या त्या गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. नाल्यापलीकडचा जुना उकिरडा सपाट करून तिथं कंपोस्ट खताचे खड्डे करायचे, असा वरून हुकूम होता. मी टेप घेऊन गेलो, तर उकिरड्याच्या पोटात हा पन्नाशीचा माणूस बाजेच्या चौकटीला तारेची जाळी ठोकून केलेल्या चाळणीनं माती चाळत होता.

"कोणाच्या परवानगीनं खोदता?" मी आवाज चढवला. नवी नोकरी होती ना!

"चौदा उन्हाळे झाले साहेब, कोनी पुसलं नाई," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

मला भयंकर राग आला. तडक सरपंच पंजाबरावांकडे गेलो. ते हसले. "त्याच्या बायकोचा गोठ हाये त्याच्यात. खोदू द्या त्याले."

गोठ म्हणजे मनगटातलं चांदीचं जाड कडं. उकंडरावांच्या बायकोची, अन्नपूर्णाबाईंची, गोठांची जोडी होती. पन्नास साली, घर सारवायला शेण कालवताना त्यांनी गोठ काढून ठेवले, आणि हात धुऊन पाहतात तर एकच उरलेला. शेणाच्या टोपल्यातून उकिरड्यावर गेला असेल, असं त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात सोनाळ्याला त्यांच्या भावाचं, निवृत्तीचं लग्न झालं होतं. उकंडराव भर अंगणात म्हणाले, "उकिरड्यावर नाई, भावाच्या बायकोच्या हातात गेला." निवृत्ती आला तेव्हा अन्नपूर्णाबाई त्याच्या बैलगाडीत बसून माहेरी निघून गेल्या.

अशी गेलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही. सासरच्यांनी जाऊन आणायची असते, ही तिकडची रीत. पहिलं वर्ष उकंडराव रागात होते, गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांना आपल्याच उकिरड्यात स्वतःचा अडकित्ता सापडला. तो चोरला म्हणून त्यांनी सालदाराला हाकलून दिलं होतं. अडकित्ता हातात आला तेव्हा डोक्यात एकच आलं, असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे बायकोही खरं बोलत असेल! त्यांनी उकिरडा पार तळापर्यंत उपसला. पण मधल्या काळात पटकीची साथ आली होती आणि त्यांच्या उकिरड्याचा वरचा भाग धरून गावातल्या चाळीस घरांचा केरकचरा गाड्या भरभरून नाल्यापलीकडे एकावर एक ओतला गेला होता. मग ते तिथं खोदायला लागले.

शेतातली कामं आटोपली की फावडं घेऊन तिकडे. चाळून निघालेली माती ज्याला हवी त्यानं शेतात न्यावी. लोखंड, काच, हाडं वेगळी काढून ठेवत. वर्षातून एकदा शेगावकडचा भंगारवाला येई. आणि ओळखू येईल अशी वस्तू मिळाली, तर दारोदार विचारून ज्याची त्याला नेऊन देत. कुणाचा पितळी गडवा, कुणाची कुलपाची किल्ली, सोजराबाईंना त्यांच्या मेलेल्या सासूची जोडवी. सोजराबाई ती जोडवी पाहून रडल्या म्हणे. लोक वस्तू घेत, चहा पाजत आणि उकंडरावांची पाठ वळली की हसत. हसणाऱ्यांत मीही होतो.

एकदा त्यांच्या घरी जेवलो. दोन्ही वेळच्या भाकरी ते सकाळीच टाकून ठेवत. "घरात बोलाले कोनी नाई," ते म्हणाले, "म्हनून मीच मोठ्यानं खोकलतो कधी कधी." हे ते थट्टेनं म्हणाले.

"अहो, मग जाऊन घेऊन या की त्यांना!"

"रिकाम्या हातानं? कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मला ते पटलं. तेव्हा मी अविवाहित होतो आणि भलताच शहाणाही होतो. उकिरडा सपाट करण्याआधी मी त्यांना महिनाभराची मुदत दिली.

मुदतीला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी, ते धापा टाकत माझ्या खोलीवर आले. हातात तव्यासारखं काळं कडं. आम्ही दोघांनी बसून ते चिंचेनं घासलं, चांदी उघडी पडली, आणि हा माणूस लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी नवं धोतर नेसून मलाही सोबत घेऊन निघाले. सरकारी माणूस बरोबर असला म्हणजे बरं, म्हणाले.

सोनाळ्याला अन्नपूर्णाबाई भावाच्या अंगणात मिरच्या निवडत होत्या. केस पिकलेले. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. उकंडरावांनी गोठ ओट्यावर ठेवला.

"सापडला," ते म्हणाले. "तू खरं सांगत होती."

अन्नपूर्णाबाईंनी गोठाकडे पाहिलं, हात लावला नाही. "सापडला नसता तं?"

उकंडराव अभिमानानं म्हणाले, "खोदत राह्यलो असतो. मरेस्तोवर!"

"हाव," त्या म्हणाल्या. "अन मी अठी मिरच्या निवडत राह्यली असती."

चौदा वर्षं हा माणूस बायकोसाठी खपतोय असं आम्ही समजत होतो, आणि ती बिचारी चौदा वर्षं फक्त कुणी न्यायला येण्याची वाट पाहत होती. गोठ तिला नकोच होता.

त्यांनी आम्हाला पाहुण्यांना वाढावं तसं, आग्रह करून वाढलं. ऊन उतरल्यावर म्हणाल्या, "निघा आता. अंधार व्हईल." गोठ आत नेला नाही. उकंडरावांनीच तो उचलून धोतराच्या सोग्यात बांधला.

परतीच्या वाटेवर कोसभर चालून झालं. मग त्यांनी विचारलं, "साहेब, पह्यल्याच वर्सी गेलो असतो, तसाच, रिकामा, तं आली असती का हो?"

"काय सांगावं," मी म्हणालो.

आली असती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.