बारडोलीच्या अलीकडे उघडलेला रेडिएटर

पलसाण्याहून निघालो तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. माझी धाकटी बहीण सुनंदा तिथे नवऱ्याबरोबर राहते. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणासाठी माहेरी साक्रीला न्यायला मी गेले होते. आधीची दोन्ही बाळं तिची पोटातच गेलेली, त्यामुळे या वेळी तिला नीट घरी पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात. तिचे यजमान किशोरराव ट्रक चालवतात. "ताई, गाडी रिकामीच धुळ्याला चाललीय. केबिनमध्ये गादी घालतो," म्हणाले. ट्रकचे धक्के काय लाडाचे असतात होय! पण माणूस इतका हौशीनं गादी पसरत होता की मी गप्प बसले.

वाटेत गरमागरम लोचो (वाफवलेल्या चणाडाळीचा मऊ पदार्थ) खाल्ला. सुनंदानं दोनदा मागून घेतला, मला बरं वाटलं. दोन्ही बाजूंना उंच ऊस, पुढे उसाच्या गाड्यांची रांग. बारडोलीच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम लालवर गेला आणि पुढून वाफेचा लोट उठला.

समोरच गॅरेज होतं म्हणून बरं. मी घाईघाईनं पदर हातात धरून रेडिएटरचं झाकण उघडायला गेले, तोच गॅरेजवाला ओरडत धावला, "बेन, अडशो नहीं!" (हात लावू नका!) उकळतं पाणी तोंडावर आलं असतं.

गॅरेजवाला भारी बडबड्या. पट्टा पाहिला, पंखा पाहिला, दोन्ही ठीक. मग छातीठोकपणे म्हणाला, "वॉल चोंटी गयो." (व्हॉल्व्ह अडकलाय.) गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा तो वॉल त्यानं काढला आणि शेजारच्या टपरीवरच्या उकळत्या पातेल्यात टाकला. चहावाल्यानं शिव्या घातल्या. वॉल मात्र व्यवस्थित उघडला, म्हणजे दोष त्याचा नव्हता! मग रेडिएटरच्या नळ्या चाचपल्या. वरची तापलेली, खालची जवळजवळ गार. "पाणी उतरतच नाही," किशोरराव म्हणाले.

रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली. आतल्या बारीक नळ्या पिवळट खड्यांनी गच्च बुजलेल्या. गॅरेजवाल्यानं नळीच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर सडलेल्या पत्र्यातून तो आरपार गेला.

"अहो, दिवाळीत नवा घातला होता!" किशोरराव ओरडले.

"पाणी क्यांथी भरो छो?" (पाणी कुठलं भरता?)

"खोलीमागच्या बोअरचं."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. टपरीसमोरच्या खाटेवर बसलेल्या सुनंदाकडे बघून हळूच म्हणाला, "पीते तो नहीं ना?"

सुनंदाच्या हातात पाण्याचा पेला होता. तिनं तो खाली ठेवला. "ताई, आम्ही तर तेच पितो वं. मंग ते दोन..."

"गप! त्यानंच झालं असं कोण म्हणतंय? डॉक्टरांना विचारू," मी दरडावलं. खरंच, आम्हाला कुणाला काय माहीत होतं? दिसायला इतकं नितळ पाणी! किशोररावांनी केबिनमधला, घरून भरून आणलेला पाण्याचा कॅन उचलला आणि सगळा रस्त्यावर ओतला.

गॅरेजवाल्याकडचा एक जुना रेडिएटर बसवून घेतला, सोनगड, नवापूर मागे टाकलं. साक्रीत आधी डॉक्टरांकडे गेलो. बाळाचे ठोके चांगले होते. पाणी तपासून घ्या, म्हणाले. मला अजून संताप येतो. गाडी तापली म्हणून आम्हाला कळलं. नाहीतर आम्ही पोरीलाच विचारत बसलो असतो, तू काय खाल्लंस, काय उचललंस!

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. किशोररावांना म्हणाली, "जावईबापू, फार जपलंत हो माझ्या लेकीला."

ते उंबऱ्यातच थांबले. "जपलं ना, आई. जड उचलायला नको म्हणून आधीच्या दोन्ही खेपांना बोअरचं पाणी मीच भरून आणायचो. एक हंडा तिला उचलू दिला नाही."

आई कौतुकानं हसली. तिला पाण्याचं आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं.